व्याकरण चौथीचं, लेखन दुसरीचं: होमस्कूलिंगमधे भाषेची लेव्हल दरवर्षी का चुकते आणि ती कशी पकडायची

होमस्कूलिंग, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणं, सुरू केल्यापासून गणिताच्या पुस्तकाची लेव्हल माझी एकदाही चुकली नाही आणि भाषेची जवळजवळ दरवर्षी चुकली. गणितात लपवाछपवी चालत नाही हो, हातच्याची बेरीज येत नसेल तर पुढच्या पानावर मूल अडकतंच आणि आपल्याला लगेच कळतं. भाषेत तसं नसतं. मूल घडाघडा बोलतं, वाचतं, फोनवर मावशीला अख्खी गोष्ट सांगतं, म्हणून आपण वय बघून नाहीतर मागच्या वर्षी तीन नंबरचं पुस्तक झालं म्हणून यंदा चार नंबरचं, असं करून सेट मागवतो. पहिले तीन आठवडे झकास जातात कारण सुरुवातीला सगळी उजळणीच असते, आणि चौथ्या आठवड्यात टेबलावर डोकं टेकवून बसलेलं मूल आणि "अगं दोनच तर ओळी लिहायच्यात" म्हणून वैतागलेली आई, हे आमच्याकडचं ठरलेलं चित्र.

मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. एक लेव्हल खाली आणली, तर मोठी म्हणाली हे बाळांचं आहे. परत वर नेली, तर रडारड. मग पुस्तकांची कंपनीच बदलली, दोन वर्षांत तीनदा. वही बदलली, वेळ बदलली, पेन्सिलसुद्धा जाड केली. काही काळ बरं वाटायचं, पुन्हा तेच.

गोम कुठे आहे ते लक्षात यायला एक मांजर लागलं. आमच्याकडे येणारं एक मांजर कपाटावर चढून बसलं आणि त्याला उतरता येईना. मोठी तेव्हा नऊ वर्षांची, तिनं संध्याकाळी बाबाला तो किस्सा सांगितला, सलग पाच मिनिटं, मांजर कसं कडेला येऊन खाली बघायचं आणि मागे सरकायचं, धुळीनं कसं शिंकलं, शेवटी स्टुलावर उशी ठेवल्यावर कसं अंदाज घेत एकेक पाय टाकत उतरलं, मधे "तरीसुद्धा", "त्यामुळे", "जणू काही", सगळं. दुसऱ्या दिवशी मी खूश होऊन म्हटलं, हेच लिही की मग. अर्ध्या तासानं वहीत होतं: "मांजर कपाटावर गेलं. मग आलं." खाली तिचं नाव, तेही चुकलेल्या वेलांटीचं.

त्याच आठवड्यात व्याकरणाच्या पुस्तकात तिला दहापैकी दहा मिळाले होते.

म्हणजे एकाच मुलीचं बोलणं बारा वर्षांच्या मुलीचं, व्याकरण नऊचं, आणि लिहिणं सातचं. आता हिची "भाषेची लेव्हल" कोणती सांगायची? तशी एकच लेव्हल नसतेच, आणि पुस्तकाच्या पाठीवर मात्र एकच आकडा छापलेला असतो. आमचा सगळा घोळ त्या एका आकड्यापाशी होता.

तर पुस्तक बदलण्याआधी मी आता एक तपासणी करते. घरातला दिवा लागत नसेल तर आपण आधी बल्ब काढून दुसऱ्या होल्डरला लावून बघतो, मग बटण, मग फ्यूज, एकदम सगळं वायरिंग उपटत नाही, तसंच. एकच छोटा प्रसंग घ्यायचा, मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातला, आणि तोच चार प्रकारे करून घ्यायचा, वेगवेगळ्या चार दिवशी, एका दिवसात चारही कोंबू नका, चौथ्यापर्यंत मूल दमलेलं असतं आणि मग आपण दमणूक मोजतो, लेव्हल नाही.

पहिल्या दिवशी फक्त तोंडी सांगायला लावा, आणि तुम्ही ते शब्दशः लिहून घ्या किंवा फोनवर रेकॉर्ड करून नंतर उतरवा. मधे दुरुस्त करायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातलीच चारपाच वाक्यं नीट टाईप करून समोर ठेवा आणि बघून उतरवायला सांगा. तिसऱ्या दिवशी तीच वाक्यं कागद झाकून तुम्ही वाचायची, त्यानं ऐकून लिहायची, म्हणजे आपलं जुनं श्रुतलेखन. चौथ्या दिवशी तशाच दुसऱ्या एखाद्या प्रसंगावर स्वतःच्या मनानं लिहायचं.

यात मजा अशी आहे की प्रत्येक दिवशी ओझं वेगळं असतं. बघून लिहिताना फक्त हात आणि डोळा काम करतो. श्रुतलेखनात त्यात शुद्धलेखन आलं. सांगताना हात आणि शुद्धलेखन दोन्ही सुटीवर, नुसता विचार आणि शब्द. आणि स्वतःचं लिहिताना सगळं एकदम, काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, कुठला शब्द, कुठली वेलांटी, आणि हात दुखतोय तो वेगळाच. जिथे गाडी अडते तिथली लेव्हल खाली आणायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

बघून उतरवतानाच मूल रेंगाळत असेल, चार ओळींत तीनदा हात झटकत असेल, अक्षरांची उंची ओळीगणिक बदलत असेल, तर दोष लेखनाच्या पुस्तकाचा नाहीच. कितीही सोपं पुस्तक आणा, हात तोच राहणार. तिथे रोज पाचसात मिनिटं फक्त सुलेखन, छोटं पण न चुकता, आणि लेखनाचं बाकी सगळं तोंडी, तुम्ही लेखनिक. टायपिंग जमण्यासारखं वय असेल तर तेही चालू करा, त्यानं मुलाचं लिहिणं "बिघडत" नाही, मला ही भीती उगाच होती. आधी डोळे तपासून घ्या हे मात्र सांगते, आणि काही महिने नियमित सराव करूनही हात तसाच अडखळत असेल तर डिसग्राफियासाठी, म्हणजे हातानं लिहिण्यातल्या अडचणीसाठी, तज्ज्ञांना दाखवा, आळशीपणाचा शिक्का मारून मोकळं होऊ नका.

बघून छान उतरवतं पण श्रुतलेखनात कोसळतं, असं असेल तर शुद्धलेखन. इथे चुका मोजू नका, चुका वाचा, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या धाकट्यानं एकदा श्रुतलेखनात "फूलाला" आणि "वीटेवर" लिहिलं, मी दोन्हीवर लाल गोल केले आणि ठरवून टाकलं की याला परत पहिल्यापासून ऱ्हस्व-दीर्घ करायला हवं. नंतर डोक्यात प्रकाश पडला की अहो, त्याला फूल आणि वीट दीर्घ असतात हे पक्कं माहीत आहे म्हणूनच तो तसं लिहितोय! त्याला माहीत नाहीये ते एवढंच, की प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप झालं की तो दीर्घ ऱ्हस्व होतो, फूल पण फुलाला, वीट पण विटेवर, गरीब पण गरिबाला. ही पुढच्या पायरीची चूक आहे, मागच्या पायरीची नाही. याउलट जे मूल एकदा "फुल", एकदा "फूल", एकदा "फूलं" असं मूड येईल तसं लिहितं त्याला खरंच मागे जायला हवं. दोघांच्याही वहीत दोनच लाल गोल, आणि दोघांना लागणारी पुस्तकं वेगळी.

(साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत, १४ शासनानं १९६२ साली मान्य केलेले आणि ४ नंतर १९७२ मधे आलेले. वाचायला बसलात तर एका दुपारचं काम आहे. आईनं किंवा बाबानं एकदा वाचावेतच, मुलाला मात्र एका वेळी एकच नियम द्यावा आणि तो दोन आठवडे घोळवावा.)

श्रुतलेखन बरं, उतरवणं बरं, पण तोंडी सांगतानाच "मग तो गेला, मग ते झालं, मग आम्ही आलो" एवढंच येत असेल, तर लेखनाचं कुठलंच पुस्तक सध्या कामाचं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तिथे वाचून दाखवणं आणि ऐकलेलं परत सांगायला लावणं. शार्लट मेसन, १८४२ ते १९२३ या काळातली इंग्लंडची शिक्षिका, होमस्कूलिंगवाल्यांना नाव ओळखीचं असेल, तिच्या पद्धतीचा कणाच हा आहे की मुलानं एकदाच ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि लहान मुलांकडून कितीतरी दिवस हे तोंडीच करून घ्यायचं, लेखी नंतर. मला तिचं सगळंच पटतं असं नाही पण हे शंभर टक्के पटतं. आणि सांगून झाल्यावर प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी मूल सावध होऊन आणखी कमी सांगतं.

आणि चौथा प्रकार, आमच्या मोठीचा, जो मला वाटतं सगळ्यात जास्त घरांत असतो: तिन्ही सुटे भाग ठीक आणि एकत्र केले की ठप्प. इथे लेव्हल खाली आणणं म्हणजे विषय बाळबोध करणं नाही. विषय तिच्या बुद्धीला साजेसाच ठेवायचा, आणि लिहिण्याचा पल्ला छोटा करायचा. आम्ही काय केलं, तर आधी ती सांगायची, मी फक्त पाच शब्द कागदावर लिहायची, कपाट, कड, धूळ, उशी, पाय. मग त्या पाच शब्दांची पाच वाक्यं, बस्स, परिच्छेद हा शब्दसुद्धा काढायचा नाही. दोन महिन्यांनी ती ते पाच शब्द स्वतःच काढायला लागली, आणि मग जे पुस्तक तिला रडवत होतं तेच पुस्तक चालायला लागलं.

आता व्याकरणाकडे येते, कारण तिथे उलटा घोटाळा असतो. लेखनात मूल आहे त्यापेक्षा कच्चं दिसतं आणि व्याकरणात आहे त्यापेक्षा पक्कं. बहुतेक वर्कबुकं अशी असतात की वर ठळक अक्षरांत "विशेषणे ओळखा" आणि खाली दहा वाक्यं, प्रत्येकात नामाच्या आधीचा शब्द विशेषण. तीन वाक्यांत मुलाला चाल कळते, पुढची सात न वाचता बरोबर येतात. दहापैकी दहा! आम्ही आईबाप खूश. खरं बघायचं असेल तर "तो वर गेला" आणि "पुस्तक टेबलावर आहे" ही दोन वाक्यं द्या आणि विचारा, दोन्हीकडचा "वर" एकाच जातीचा का? पहिला क्रियाविशेषण, दुसरा शब्दयोगी. किंवा "चांगला मुलगा" आणि "मुलगा चांगला गातो". ज्यानं शब्दांच्या याद्या पाठ केल्यात तो इथे गडबडतो, ज्याला शब्द वाक्यात काय काम करतोय ते बघायची सवय आहे तो थोडा थांबतो, ओठ हलवतो, आणि बरोबर सांगतो. तो थांबला म्हणून लगेच मदत करू नका, ते थांबणंच हवंय आपल्याला.

माझं मत विचाराल तर व्याकरणाची लेव्हल चुकली तरी आभाळ कोसळत नाही. ही पुस्तकं बहुतेक गोल फिरतात, त्याच आठ शब्दजाती दरवर्षी थोड्या खोलात जाऊन परत येतात, त्यामुळे एखादं वर्ष उशिरा सुरू केलं तरी मूल एकदोन महिन्यांत गाठतं. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग तर मी अकराबारा वर्षांच्या आधी काढतच नाही. तीन वर्षांचं पोर "मी त्याला ढकललं" असा भावे प्रयोग बिनचूक बोलतं, त्याला नाव द्यायची घाई कशाला. लेखनाचं मात्र तसं नाही, तिथे राहिलेली पायरी पुढे प्रत्येक पानावर पायात येते.

आणि व्याकरण जास्त घोटलं की लेखन आपोआप सुधारेल ही आशा सोडाच. २००७ मधे स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लेखनाचे अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात नुसत्या व्याकरण शिकवण्याचा लेखनाच्या दर्जावरचा परिणाम चक्क उणे ०.३२ निघाला (शून्य म्हणजे काहीच फरक नाही, उणे म्हणजे तुलनेतल्या मुलांपेक्षा लेखन उलट मागे). त्याच मोजमापात छोटी वाक्यं जोडून मोठी करण्याच्या सरावाला अधिक ०.५० आणि लेखनाचं नियोजन, दुरुस्ती वगैरे कसं करायचं ते पायरीपायरीनं शिकवण्याला ०.८२. म्हणून व्याकरण टाकून द्या असं मी म्हणत नाही, मला स्वतःला व्याकरण आवडतं, पण लेखन अडलंय म्हणून व्याकरणाची पानं वाढवणं हा उपाय नाही.

वाक्यं जोडायचा खेळ मराठीत तर फारच रंगतो. "मांजर कपाटावर चढलं. तिथे धूळ होती. ते शिंकलं." ही तीन एकात बसवा, पण "आणि" न वापरता. मोठीनं काढलेली: "कपाटावर चढलेलं मांजर तिथल्या धुळीनं शिंकलं." "कपाटावर चढताच धुळीनं मांजर शिंकलं." "ज्या कपाटावर मांजर चढलं त्यावर इतकी धूळ होती की ते शिंकलं." चढलेलं, चढून, चढताच, चढताना, जो-तो, इतका-की, केवढा माल आहे आपल्याकडे. यात विशेषण, क्रियाविशेषण, मिश्र वाक्य सगळं येऊन जातं आणि पोरांना व्याकरण चाललंय याचा पत्ताही लागत नाही.

प्लेसमेंट टेस्टबद्दल थोडं, म्हणजे मुलाला कुठल्या लेव्हलचं पुस्तक द्यायचं ते ठरवणारी चाचणी. कंपन्यांच्या टेस्ट वाईट नसतात पण त्या त्यांच्याच पुस्तकांच्या क्रमावर बेतलेल्या असतात, म्हणजे तुमच्या मुलाला "केवलप्रयोगी" हा शब्द माहीत नाही म्हणून दोन लेव्हल खाली टाकतील, जरी ते दिवसभर "अरेच्चा" आणि "शी" करत असलं तरी. फक्त नाव माहीत नसलेली चूक वेगळ्या खुणेनं टिपून ठेवा, ती एका दुपारी भरून निघते. दुसरं म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांवर विसंबू नका, बरोबर वाक्य ओळखणं आणि बरोबर वाक्य लिहिणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि तिसरं, आपण स्वतः. माझ्या पहिल्या टेस्टचं मला आठवतं, मी शेजारी बसून "नीट बघ हं... कोण करतंय? कोण?" असं करत होते, आणि मग रिझल्ट बघून वरची लेव्हल मागवली. ती टेस्ट मी पास झाले होते, ती नाही. दुसऱ्या खोलीत जा.

"बोअर होतंय" ही तक्रार आली की मी सरळ पुस्तकाचा शेवटचा धडा काढते आणि त्यातले दहा प्रश्न देते. आठ आले तर पुस्तक खरंच सोपं आहे, बदला. चारपाचच आले तर कंटाळा सोपेपणाचा नाही, तेच तेच वीस वेळा लिहिण्याचा आहे, तेव्हा एकाआड एक प्रश्न गाळा, अर्धे तोंडी घ्या. दहा वर्षांपुढच्या, लिहिता येणाऱ्या पण कंटाळलेल्या मुलांसाठी बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती आहे, त्यानं आत्मचरित्रात सांगितलेली. चांगला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याची एकदोन शब्दांत टिपणं काढायची, काही दिवस बाजूला ठेवायचं, मग मूळ न बघता टिपणांवरून लेख परत लिहायचा आणि मुळाशी ताडून आपण कुठे कमी पडलो ते बघायचं. याला लेव्हल नाहीच, लेख बदलला की लेव्हल बदलली.

दोन भाषांत शिकवत असाल तर दोन्हीकडे एकच नंबर मागवू नका. कर्ता, कर्म, विशेषण म्हणजे काय हे एका भाषेत कळलं की दुसरीकडे नवीन नाव शिकायचं फक्त, म्हणून इंग्रजीचं व्याकरण थोडं वरच्या लेव्हलला सुरू केलं तरी चालतं. त्यात आपलं शब्दयोगी नामाला मागून चिकटतं आणि इंग्रजीचं नामाच्या आधी सुटं उभं राहतं, क्रियापदही आपलं शेवटी आणि त्यांचं मधे, एवढं एकदा समोरासमोर लिहून दाखवायचं. स्पेलिंग आणि लेखन मात्र त्या भाषेपुरतं वेगळं तपासा, तिथे मराठीची पुण्याई कामी येत नाही.

वर्षाच्या मधे लेव्हल बदलावी का, हा प्रश्न सगळेच विचारतात. बदला ना, पण लेखनाची एकटी, किंवा शुद्धलेखनाची एकटी. जोड सेट असेल, व्याकरण आणि लेखन एकाच पुस्तकात शिवलेलं, तर मी सरळ पुस्तकाची पानं वेगळी करून दोन फाईली केल्या, आता व्याकरणाची फाईल पुढे पळते आणि लेखनाची निवांत येते मागून. आणि कंपनी बदलण्याआधी सध्याच्याच पुस्तकावर तीन आठवडे हे सगळे खटाटोप करून बघा, कारण प्रत्येक बदलात शब्द बदलतात, क्रम बदलतो, आणि मधल्या फटीत काहीतरी पडतंच, आमच्या तीन बदलांत विरामचिन्हं पडली, मोठी आजही अवतरणचिन्ह उघडते आणि बंद करायला विसरते.

राहता राहिला मुलाचा इगो. खालच्या नंबरचं पुस्तक समोर आलं की मोठीचा चेहरा पडायचा म्हणून मी सगळ्या पुस्तकांना एकाच रंगाची कव्हरं घातली आणि आतल्या पानांवरच्या आकड्यांवर स्टिकर चिकटवले, मला वाटलं काय हुशारी केली. आठवडाभरात धाकट्यानं नखानं सगळे स्टिकर सोलून काढले आणि घरभर सांगत सुटला, ताईचं लेखन दोन नंबरचं आणि माझं पण दोन नंबरचं. ती पंधरा मिनिटं फुरंगटून बसली, मग त्याला म्हणाली, तुझा हात दुखतो ना, तू सांग, मी लिहिते. तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी त्याची लेखनिक ती आहे, आणि त्याच्या "फूलाला"वर लाल गोल न करता ती नुसतंच हळूच बरोबर लिहून ठेवते.